टर्मिनलवर देखणा मराठी मजकूर: आधी रकाने, मग रंग

महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत, ऐरोलीच्या आयटी पार्कांत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, अहवाल दाखवणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट रोज लिहिल्या जातात. रात्रपाळीत सर्व्हरवर काय झालं, गोदामात किती माल उरला, कुठल्या गाडीत काय भरलं. इंग्रजी नावं असली की सगळं सरळ रांगेत बसतं. मराठी नावं आली की रकाने वाकडे होतात, चौकटीची उजवी रेघ पुढेमागे सरकते, आणि पाहणारा म्हणतो, "जाऊ दे, इंग्रजीतच ठेव."

इंग्रजीवर परत जायचं काहीच कारण नाही. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, रकान्यांकडे नंतर वळतात, आणि मजकूर साफ करायचा राहूनच जातो. क्रम उलटा केला की निम्म्याहून जास्त त्रास संपतो. खाली दिलेल्या क्रमानेच जा, एकही पायरी पुढे ढकलू नका.

सूचना: इथे कमांड, पर्याय आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच करायचे. रंगाच्या कोडमध्ये देवनागरी ३१ टाकलं तर टर्मिनलला ते कळत नाही.

## १. टर्मिनल, लोकेल आणि फॉन्ट

लोकेल म्हणजे मशीनची भाषा आणि अक्षरं साठवण्याची पद्धत ठरवणारी सेटिंग. आधी 'लोकेल' ही कमांड चालवा. उत्तरात यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या साठवू शकणारी पद्धत, दिसलं पाहिजे. नुसतं 'सी' किंवा 'पॉझिक्स' दिसलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा आकड्यांची रांग येणार हे धरून चला. मशीनवर कोणती लोकेल बसवलेली आहेत ते 'लोकेल'ला 'ए' पर्याय देऊन कळतं. मराठीचं लोकेल नसेल तर 'सी डॉट यूटीएफ-८' पुरेसं आहे. बसवलेलंच नाही असं नाव लोकेल ठरवणाऱ्या लँग व्हेरिएबलमध्ये टाकलं की प्रोग्रॅम गुपचूप 'सी'वर परत जातात आणि माणूस फॉन्ट शोधत बसतो.

एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर ही तपासणी दोन्हीकडे करा. लॅपटॉप ठीक आणि सर्व्हर 'सी'वर, हा प्रकार नेहमीचा आहे.

विंडोजवर जुन्या काळ्या कन्सोल खिडकीत देवनागरी नीट जुळत नाही. विंडोज टर्मिनल वापरा आणि कोड पेज ६५००१ ठेवा. पॉवरशेल ५.१ मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाइपने पाठवताना मुळात अॅस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची पद्धत, धरतं आणि मराठीची प्रश्नचिन्हं करतं. पॉवरशेल ७ मध्ये हा त्रास नाही. पायथन स्क्रिप्ट असेल तर ती 'एक्स यूटीएफ८' पर्यायाने चालवा. नाहीतर पडद्यावर ठीक दिसणारी स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहिताना एन्कोडिंगच्या चुकीवर अडते.

लिनक्सच्या ग्राफिक नसलेल्या कन्सोलवर, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर येणाऱ्या पडद्यावर, मराठीचा नाद सोडा. त्याच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही. सर्व्हर रूममध्ये थेट मॉनिटर लावून पाहिला जाणारा अहवाल इंग्रजीतच ठेवलेला बरा.

फॉन्टबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट मुख्य म्हणून लावला की काम झालं असं लोकांना वाटतं. निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी, लोहित, कोहिनूर हे रोजच्या वापरातले देवनागरी फॉन्ट समरुंद नाहीत, म्हणजे त्यांच्या अक्षरांची रुंदी एकसारखी नसते. मुख्य फॉन्ट समरुंदच ठेवा. त्यात देवनागरी नसेल तर सिस्टीम तेवढी अक्षरं दुसऱ्या फॉन्टातून उचलते.

तपासणी: टर्मिनलवर चार शब्द छापा: तुर्भे, क्षितिज, दुसऱ्या, कोपरखैरणे. 'क्षि'ची वेलांटी अक्षराच्या आधी आली का? रफार 'भे'च्या डोक्यावर बसला का? 'ऱ्या' नीट दिसतो की पाय मोडलेला 'र' सुटा पडला आहे? 'खै'च्या वरच्या दोन मात्रा कापल्या जात नाहीत ना? यातलं काही बिघडलं असेल तर स्क्रिप्टला हात लावू नका. आधी टर्मिनल बदलून पाहा. एमएलटर्मसारखी काही टर्मिनलं भारतीय लिप्या लक्षात घेऊनच बनवली आहेत. मात्रा कापल्या जात असतील तर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा.

## २. मजकूर एकसारखा करून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. पहिली तऱ्हा, स्वतंत्र 'ऱ' आणि हलंत. दुसरी, साधा 'र', त्याखाली नुक्ता आणि मग हलंत. तिसरी, साधा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. मोजणीत, शोधण्यात आणि क्रम लावण्यात ते तीन वेगळे शब्द ठरतात.

उपाय असा: छापण्यापूर्वी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे शक्य तिथे तुकडे जोडून एकच चिन्ह केलेल्या रूपात, आणा. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज हे काम करतं. पहिली आणि दुसरी तऱ्हा यातून एक होतात. तिसरी होत नाही. तिच्यासाठी 'र, हलंत, जोडचिन्ह' ही जोडी शोधून 'ऱ, हलंत' अशी बदलावी लागते.

त्याच फेरीत ओळीच्या टोकाच्या जास्तीच्या जागा, एक्सेलमधून आलेल्या न तुटणाऱ्या जागा आणि मध्येच शिरलेले टॅब काढून टाका. फाइल जुन्या डीटीपी फॉन्टातली असेल, म्हणजे फॉन्ट काढला की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या.

## ३. रकाने

या पायरीला वेळ द्या, कारण मराठी तक्ते इथेच मोडतात.

टर्मिनल म्हणजे चौकटीची वही. प्रत्येक घरात एक अक्षर, हा तिचा नियम. रोमन अक्षरांचं या नियमाशी भांडण नाही. देवनागरीत मात्र एका शब्दाची लांबी चार प्रकारे मोजता येते आणि चारही उत्तरं वेगळी येऊ शकतात. 'ठाणे' घ्या. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून 'ठाणे' १२ बाइटांचा. युनिकोड चिन्हं ४: ठ, काना, ण, मात्रा. आपण वाचतो ती अक्षरं २. आणि टर्मिनलवरची घरं? जुन्या आणि अजूनही खूप ठिकाणी चालणाऱ्या नियमानुसार ३. कारण काना स्वतःची जागा घेतो असं धरलं जातं, तर 'णे'वरची मात्रा शून्य रुंदीची.

आता 'वाशी'. बाइट तेच १२, चिन्हं तीच ४, अक्षरं तीच २. पण काना आणि दीर्घ वेलांटी दोन्ही जागा घेणाऱ्या, म्हणून घरं ४. ठाणे आणि वाशी यांत एका घराचा फरक, आणि साधी मोजणी तो पकडतच नाही.

कोणतं साधन काय मोजतं हे माहीत असलं की वाकडेपणाचं कारण लगेच सापडतं:

- बॅशचं, म्हणजे टर्मिनलवर आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, प्रिंटएफ बाइट मोजतं. ३० ची रुंदी दिली तर 'ठाणे'पुढे ते १८ रिकाम्या जागा टाकतं आणि २७ बाइटांच्या 'कोपरखैरणे'पुढे फक्त ३. पुढचा रकाना दहाबारा घरांनी सरकतो.
- मजकूर हाताळणाऱ्या ऑक या साधनाच्या तऱ्हाही वेगळं मोजतात: उबुंटूवर मुळात येणारं एमऑक बाइट मोजतं, तर जीऑक यूटीएफ-८ लोकेलमध्ये चिन्हं मोजतं. एकच स्क्रिप्ट दोन मशीनवर दोन तऱ्हांनी वाकडी दिसते ती यामुळे.
- पायथनचं एलजस्ट चिन्हं मोजतं. ठाणे आणि वाशी दोघांपुढे ते सारख्याच जागा टाकतं आणि एका घराची चूक राहते.
- लिनक्सची 'कॉलम' कमांड घरं मोजायचा प्रयत्न करते. पण टर्मिनलचं स्वतःचं गणित वेगळं असेल तर तीही चुकते.

काही टर्मिनलं 'ठाणे'ला ३ घरं देतात, काही २. पायथनच्या डब्ल्यूसीविड्थ पॅकेजमध्ये जागा घेणाऱ्या मात्रांचा हिशोब आवृत्तीगणिक बदललेला आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मराठी शब्दापुढे रिकाम्या जागा मोजून भरू नका. त्याऐवजी खालचे तीन मार्ग याच क्रमाने वापरून पाहा.

पहिला मार्ग: मराठी रकाना शेवटी ठेवा. आकडे, तारखा, कोड आधी आणि नाव सर्वांत उजवीकडे. शेवटच्या रकान्यापुढे काही नसतं, त्यामुळे त्याची लांबी मोजायची गरजच उरत नाही. ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या काही ठिकाणांची यादी पिन कोडसह अशी बसते:

४००६०१  ठाणे
४००७०८  ऐरोली
४००७०१  घणसोली
४००७०९  कोपरखैरणे
४००७०३  वाशी

पिन कोड सगळे सहा अंकी, म्हणून नावं एका रेषेत सुरू होतात. हा तक्ता फाइलमध्ये, पेजरमध्ये (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या 'लेस'सारख्या प्रोग्रॅममध्ये), कुठल्याही टर्मिनलवर असाच दिसतो. आकडे वेगवेगळ्या लांबीचे असतील तर ते उजवीकडे जुळवा. देवनागरी अंक वापरायचे असतील तर पायथनचं आरजस्ट चालतं, कारण एक अंक म्हणजे एक चिन्ह आणि एकच घर. बॅशचं प्रिंटएफ तिथेही बाइटच मोजेल.

दुसरा मार्ग: कर्सर थेट हव्या घरावर न्या. मराठी रकाने दोन असतील, समजा स्टेशन आणि शेरा, तर पहिला छापून झाल्यावर टर्मिनललाच सांगा की आता ३० व्या घरावर जा. त्यासाठीचा कोड: एस्केप, डावा चौकोनी कंस, ३०, मोठा जी. एस्केप म्हणजे २७ क्रमांकाचं चिन्ह. बॅशच्या प्रिंटएफमध्ये ते बॅकस्लॅश शून्य तीन तीन असं लिहितात. घरं १ पासून मोजली जातात. आता टर्मिनल मागच्या शब्दाला किती घरं देतं याच्याशी आपलं देणंघेणं राहत नाही.

इशारा: पहिला शब्द ३० व्या घराच्या पुढे गेला असेल तर कर्सर मागे येतो आणि शब्दाच्या शेपटीवर दुसरा रकाना छापला जातो. रकाना सर्वांत लांब नावाच्या चिन्हसंख्येपेक्षा दोनने तरी रुंद ठेवा. देवनागरीत चिन्हांची संख्या घरांपेक्षा सहसा जास्तच येते, त्यामुळे हा हिशोब सुरक्षित बाजूला राहतो.

तिसरा मार्ग: तक्ता सोडा, नोंदी एकाखाली एक लिहा. मराठी रकाने तीन किंवा जास्त झाले की आडवा तक्ता ८० घरांच्या खिडकीत तसाही मावत नाही. 'स्टेशन', 'शेरा', 'जबाबदारी' अशी लेबलं डावीकडे, दोन टिंबं, पुढे मजकूर, आणि दोन नोंदींमध्ये एक कोरी ओळ. लोकांना हे साधं वाटतं म्हणून ते टाळतात. मोबाइलवरून एसएसएच करून पाहणाऱ्याला मात्र याच्याइतकं वाचायला सोपं दुसरं काही नाही.

चौकटीच्या बाबतीत एकच सांगणं: उजवी उभी रेघ काढू नका. शीर्षकाखाली एक आडवी रेघ आणि शेवटी एक रेघ एवढ्याने तक्ता बांधलेला दिसतो. पायथनची रिचसारखी तयार लायब्ररी सुंदर चौकटी काढते, पण मराठी शब्दांच्या रुंदीचा प्रश्न तिच्यापुढेही तोच असतो. ती वापरायची असेल तर उभ्या रेघा नसलेली तऱ्हा निवडा.

तपासणी: ठाणे, वाशी, तुर्भे आणि कोपरखैरणे या चार नावांवर तक्ता छापा. चौघांत काना, वेलांटी, रफार आणि वरच्या मात्रा सगळं येतं. चारही ओळींचा दुसरा रकाना एका रेषेत असेल तरच पुढे जा.

## ४. लांब परिच्छेद आणि कापलेली नावं

ओळी आपोआप मोडण्यासाठी 'फोल्ड' वापरत असाल तर सावध राहा. तिच्या जुन्या आवृत्त्या बाइट मोजतात आणि अक्षराच्या मधोमध ओळ तोडतात. मग ओळीच्या टोकाला चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. पायथनचं टेक्स्टरॅप बरं. ते चिन्हं मोजतं, त्यामुळे मराठी ओळी थोड्या आखूड पडतात, खिडकीबाहेर जात नाहीत. लांब शब्द तोडण्याचा पर्याय बंद ठेवा. रुंदी ठरवताना 'टीपुट कॉल्स'चं उत्तर, म्हणजे खिडकीची रुंदी, घ्या, आणि खिडकी कितीही मोठी असली तरी ७०-७५ घरांच्या पुढे जाऊ नका. पडदाभर पसरलेली ओळ वाचताना नजर खालच्या ओळीवर परत येताना चुकते.

नाव कापायचंच असेल तर चिन्हांवर कापू नका. 'तुर्भे' चार चिन्हांवर कापला की 'तुर्' उरतो आणि लोंबणारा हलंत दिसतो. पायथनच्या रेजेक्स या पॅकेजमध्ये बॅकस्लॅश मोठा एक्स हे पूर्ण अक्षराशी जुळतं, त्यावर कापा. तरीही कापलेला तुकडा हलंतावर संपत नाही ना हे स्क्रिप्टमध्ये तपासा. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, आणि जुनी पॅकेजं तो पाळत नाहीत.

## ५. आता रंग आणि ठळकपणा

रंगाचा कोड: एस्केप, डावा चौकोनी कंस, आकडा, लहान एम. १ म्हणजे ठळक, २ फिकं, ७ उलटे रंग, ३० ते ३७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ मागचे रंग, आणि ० म्हणजे सगळं पूर्ववत. बॅशमध्ये हे 'इको'ने छापू नका; पर्याय न देता तो कोड जसाच्या तसा पडद्यावर टाकतो. प्रिंटएफ वापरा.

मराठीत दोन गोष्टी टाळा. अधोरेखन, म्हणजे ४: ती रेघ उकार आणि रुकाराला छेदून जाते, 'तुर्भे'चा 'तु' ओळखू येत नाही. आणि तिरपं अक्षर, म्हणजे ३: देवनागरी फॉन्टात सहसा तिरपी तऱ्हा नसते, टर्मिनल उभंच अक्षर ओढून वाकवतं आणि शिरोरेषा तुटक दिसते. ठळक चालतं, पण शीर्षकापुरतं. छोट्या आकारात ठळक जोडाक्षर भरून जातं.

रंग तीनच ठेवा: चूक, इशारा, ठीक. काळ्यावर गडद निळा, म्हणजे ३४, बऱ्याच टर्मिनलांवर वाचताच येत नाही. २४ बिटांचे नेमके रंग मोहात पाडतात, पण ते वापरणाऱ्याची थीम जुमानत नाहीत. तुमच्या काळ्या पडद्यावरचा फिकट पिवळा त्याच्या पांढऱ्या पडद्यावर गायब होतो. मूळ १६ रंग थीमप्रमाणे बदलतात, म्हणून तेच बरे. रंगासोबत शब्दही लिहा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारा सहकारी प्रत्येक ऑफिसात असू शकतो, आणि त्याला 'चूक' हा शब्दच कामाला येतो.

इशारा: पूर्ववत करणारा ० चा कोड प्रत्येक ओळीच्या शेवटी, नवी ओळ सुरू करण्याच्या आधी टाका. नंतर टाकलात तर पडदा वर सरकताना मागचा रंग पुढच्या पूर्ण ओळीवर पसरतो.

बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी दिसणाऱ्या मजकुरात, रंग घालत असाल तर प्रत्येक रंगाच्या कोडच्या आधी बॅकस्लॅश-डावा चौकोनी कंस आणि नंतर बॅकस्लॅश-उजवा चौकोनी कंस हवाच. तो नसला की लांब कमांड टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते.

## ६. पाइप, फाइल आणि पेजर

टर्मिनलवर देखणा दिसणारा अहवाल कोणीतरी फाइलमध्ये वळवतो, आणि फाइलमध्ये रंगांचे कोड कचऱ्यासारखे पडून राहतात. स्क्रिप्टने स्वतःच ओळखलं पाहिजे की समोर टर्मिनल आहे की नाही. बॅशमध्ये 'टेस्ट'ला लहान टी पर्याय आणि १ दिला की, आणि पायथनमध्ये आयझॅटी (इज-ए-टीटीवाय) विचारलं की उत्तर मिळतं. उत्तर 'नाही' आलं तर रंग नको, कर्सरच्या उड्या नकोत, रकान्यांमध्ये फक्त टॅब. 'नो कलर' हे व्हेरिएबल भरलेलं असेल तरीही रंग बंद ठेवायचे, हा सगळीकडे मान्य झालेला संकेत आहे.

'लेस'मध्ये पाहायचं असेल तर मोठा आर पर्याय द्या, म्हणजे रंग दिसतात. पण त्या पर्यायात रंगाचे कोडच पुढे जातात, कर्सर हलवणारे जात नाहीत. दुसऱ्या मार्गाने केलेला तक्ता 'लेस'मध्ये मोडतो. पेजरमधून वाचला जाणारा अहवाल पहिल्या किंवा तिसऱ्या मार्गानेच करा.

शेवटची तपासणी, सहकाऱ्याला पाठवण्याआधी:

- खिडकी ८० घरांपर्यंत अरुंद करून पाहा.
- थीम पांढरी करून पाहा.
- आउटपुट फाइलमध्ये वळवून ती 'कॅट'ला लहान व्ही पर्याय देऊन उघडा. टोपीचं चिन्ह आणि लगेच दोन डावे चौकोनी कंस हा क्रम कुठे दिसला तर कोड गळून फाइलमध्ये आलेला आहे. हा पर्याय मराठी अक्षरंही चित्रविचित्र करून दाखवतो, त्याने घाबरू नका, फक्त तो क्रम शोधा.
- एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून एकदा चालवा, शक्यतो ज्याच्यासाठी अहवाल आहे त्याच्याच मशीनवरून.